तुझे बेडूक आणि सासूबाईंचं घंगाळ

बोईसर,
ता. ३ ऑक्टोबर १९६६

ती. नरहरीदादास,

धाकट्या मंगलाचा साष्टांग नमस्कार. तुझे तिन्ही बेडूक खुशाल आहेत, हे आधी लिहिते. माझी खुशाली तू पत्रात तिसऱ्या ओळीत विचारतोस, म्हणून मीही तिसऱ्याच ओळीत कळवते की मी बरी आहे. हेही बरे आहेत (वीजकेंद्राच्या बांधकामावर जादा काम चालू आहे, घरी येतात ते जेवायला आणि घोरायला). वहिनींचा गुडघा कसा आहे?

शिक्षकांच्या प्रशिक्षणाला महिनाभर जाताना तू हे पाळलेले बेडूक माझ्या गळ्यात घातलेस आणि पाण्याबद्दल दोन पानं लिहून दिलीस. नळाच्या पाण्यात औषध असतं, ते बेडकाच्या कातडीतून आत जातं, म्हणून पाणी पसरट भांड्यात एक दिवस-रात्र उघडं ठेवायचं आणि मगच द्यायचं. वाचायला सोपं आहे. पण दादा, ज्या घरात रोज पहाटे कालचं पाणी शिळं म्हणून ओतून देतात, त्या घरात कालचं पाणी आणायचं कुठून? मी संध्याकाळी इनॅमलची परात भरून ठेवी. सासूबाई पहाटे ती तुळशीला ओतत, ताजं पाणी भरत आणि वर झाकण ठेवत. असं चार दिवस चाललं. बेडूक बिचारे तुझ्या डब्यातल्या प्रवासाच्या पाण्यावरच बसून होते.

सासूबाई चार वर्षं माझ्याशी कामापुरतंच बोलत आल्या, हे तुला ठाऊक आहे (मीठ, मिसरी आणि टपाल आलं का, एवढंच). पाचव्या दिवशी मी धीर करून सांगितलं की या जिवांना शिळंच पाणी लागतं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुझ्या भावाचं लग्न झालंय ना?" झालंय म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून परातीची राखण त्याच करू लागल्या, मांजरासाठी काठी घेऊन. मीही शेजारी निवडण-टिपण घेऊन बसू लागले. नुसतं पाण्याकडे किती वेळ बघणार? हळूहळू त्या बोलायला लागल्या. माहेरच्या मळ्याचं सांगितलं, लहानपणी गेलेल्या बहिणीचं सांगितलं. दादा, या घरात मला पहिल्यांदाच घरच्यासारखं वाटलं. हे आता मोडू नये, एवढंच देवाकडे मागते.

गेल्या मंगळवारी तर त्यांनी आपलं माहेरचं तांब्याचं घंगाळ काढलं. चिंच-मीठ लावून असं लख्ख घासलं की त्यात दात मोजून घ्यावेत (ते घंगाळ त्यांनी पोटच्या मुलालाही अंघोळीला दिलेलं नाही). तांब्यातलं पाणी सगळ्यांत शुद्ध, म्हणून दिवसभर ठेवलेलं पाणी त्यात ओतलं आणि तिघांना अलगद आत सोडलं. तेव्हापासून बेडूक टवटवीत आहेत. रविवारी न्यायला ये.

तुझी,
मंगला

ता. क. एक बेडूक तुला जरा थोराड वाटेल. इकडची हवा समुद्राची आहे.

ता. क. खरं लिहिते. तिन्ही मेले. आपल्याला तांब्यातलं पाणी चांगलं, बेडकाला ते विष, असं इथल्या शाळेतले मास्तर म्हणाले (तुझ्या दोन पानांत तांब्याचं नाव नाही, यापुढे तीन पानं लिहीत जा). सासूबाई तेव्हा पालघरच्या बाजाराला गेल्या होत्या. मी रडत बसले होते, तेवढ्यात जवळच्या पाम गावची भागी लाकडाची मोळी घेऊन आली. म्हणाली, "बाय, रडते कशाला? आमच्या शेतान बेडूक काय कमी हाय? पन बेडकाला पानी पाजतात, ते आमी कदी आयकलं नाय." दुपारच्या आत तिने तीन आणून दिले. मी ते परातीत सोडले आणि घंगाळ गळतं म्हणून सासूबाईंना सांगितलं. त्यांनी एवढ्या मायेने दिलेल्या भांड्यात तीन जीव गेले, हे त्यांना कळता कामा नये. म्हणून मागणं एवढंच, की रविवारी त्यांच्यासमोर या तिघांना बघून जुनी ओळख असल्यासारखं कर.

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी सासूबाईंनी पत्र मागून घेतलं आणि चष्मा लावून वाचलं. घंगाळ त्यांनी त्याच संध्याकाळी भरून पाहिलं होतं म्हणे, थेंबही गळला नाही. खालचा मजकूर त्यांचा आहे, सांगतील तसा लिहिते:

नरहरीरावांस आशीर्वाद. तुमचे बेडूक माझ्या हातून गेले, जिवाला फार लागलं. हे तीन आता आमचे आहेत, न्यायला येऊ नये, जेवायला यावं. तुमच्या बहिणीला खोटं बोलता येत नाही. तेवढं माहेरी शिकवून पाठवायला हवं होतं.