तापमान नव्हे, तासीर

कळंब,
२ डिसेंबर २०२४

प्रिय फलक,

अम्मींना माझा सलाम सांग. इकडे सगळे मजेत. शाळेतले चाचणीचे पेपर तपासून हात भरून आलाय. फोनच करणार होते, पण फोनवर माझा आवाज चढतो आणि मग आपलं भांडण होतं, म्हणून पत्र.

तुझ्या पुस्तकाची मुद्रितं मिळाली. सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवली. कोको मुळात थंड, म्हणून त्यात मिरची-दालचिनी घालून मगच प्यावा, हे चारशे वर्षांपूर्वीच्या स्पॅनिश वैद्यांचं म्हणणं त्यांना लगेच पटलं. म्हणाल्या, "व्हय की, न्हायतर कफ व्हतोय. लिहिणारी पोरगी लई हुशार हाय गं." 'भाजी करपतेय' म्हणून मी उठले. भाजी अजून चिरलीसुद्धा नव्हती.

आता कामाचं. तू लिहिलंयस, 'कोकोचे तापमान थंड असते.' पुढं सगळीकडं तेच. अगं, वाचणाऱ्याला वाटेल वैद्य पेल्यातल्या गारव्याबद्दल बोलतायत. तुमच्याकडं अम्मी दह्याची तासीर, म्हणजे अंगाला लागणारा मूळ गुण, थंड म्हणतात, आमच्या सासूबाईही तासीरच म्हणतात. एवढा नेमका शब्द तू का टाळलास, ते मला कळतं. तुझं नाव वाचलं की लोक आधी तुझी मराठी तपासायला बसतात. पण शुद्ध दिसायच्या नादात तू त्या बिचाऱ्या वैद्यांना वेड्यात काढलंस.

चूक सापडली तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? तशीच छापू द्यावी, धाराशिवच्या प्रकाशन समारंभात कुणीतरी उठून विचारावं आणि मी पहिल्या रांगेत बसून तुझं तोंड बघावं, असं कालपर्यंत मनात घोळत होतं.

मला तुझा हेवा वाटतो, फलक. हॉस्टेलवर हे वैद्य आपण दोघींनी मिळून वाचायला घेतले होते. निम्मा कच्चा अनुवाद माझा. मी लग्न करून इकडं आले, तू पुढं गेलीस. "तुझी पानं वापरू का?" असं तू विचारलंस, तेव्हा "वापर की" मीच म्हणाले. त्याचं कधी पुस्तक होईल, असं तेव्हा वाटलं नव्हतं. आता मुखपृष्ठावर एकटं तुझं नाव बघून जीव जळतो.

दुरुस्त केलेली पानं सकाळीच कुरियरनं धाडली, म्हणजे माझं मागणं तुला सौदा वाटायला नको. ऋणनिर्देशात 'मैत्रीण हर्षालीचे आभार' लिहिलंयस, ते काढ. मला आभार नकोत. मुखपृष्ठावर तुझ्या नावाशेजारी माझं नाव हवंय. जमणार नसेल तर तसं सरळ कळव. मी समारंभाला येईन, टाळ्याही वाजवीन. फक्त त्या टाळ्या मनापासून आहेत असं समजू नकोस.

जळकी, तरी तुझीच,
हर्षाली