दोन हजार चारशे किलोमीटर, एक तास वीस मिनिटं

३ मार्च

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तिकीट न काढताच परत आलो. एजंटाने दिलेला कागद दुकानात भिंगाखाली धरून तीनदा वाचला. आपल्या दोन विमानतळांमधलं अंतर दोन हजार चारशे किलोमीटर. विमान इथून अकरा चाळीसला उडतं आणि तुझ्याकडे एक वाजता उतरतं. म्हणजे तासाला अठराशे किलोमीटर. परतीचं दोनला निघून सात वीसला पोचतं, म्हणजे साडेचारशे. एकच यंत्र जाताना चौपट धावत असेल, तर त्यात काहीतरी बिघडलेलं आहे. तीस वर्षं मी घड्याळांची चाकंच बघतोय. असं चाक मी गिऱ्हाइकाला परत दिलं नसतं.

मध्ये समुद्र नसता तर गाडीने आलो असतो. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊ दे, मग बघू.

रागावलीस तर थोडक्यात आटोप.

तुझा धाकटा


९ मार्च

चि. घड्याळजीस अ. उ. आ.

लेक पत्र वाचून दाखवताना दोनदा थांबली, तिला हसू आवरेना. अरे शहाण्या, आमची घड्याळं तुमच्यापेक्षा दोन तास मागे आहेत. विमान येताजाता सारखंच धावतं, तीन तास वीस मिनिटं. गावभरची घड्याळं लावणाऱ्याला हे मी सांगायचं. जावई म्हणाले, मामांचा दोष नाही, त्यांच्या दुकानात सगळीकडे एकच वेळ असते.

आता खरं बोलते. तू भितोस. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर रडायचास, ते मला ठाऊक आहे. पण उजवा डोळा गेलाच आहे, आणि डावा वाचेल की नाही ते डॉक्टरही सांगत नाहीत. निम्मं निम्मं धरा म्हणाले. अठराला सकाळी ऑपरेशन. त्याआधी काय काय बघून घ्यायचं, याची मनात यादी केली. फार काही निघालं नाही. तू आहेस त्यात. देखणा आहेस म्हणून नव्हे.

विमानतळावरून घर पन्नास मिनिटं. जावई न्यायला येतील.

माया आहे तेवढीच आहे, येऊन बघ.

अक्का


१८ मार्च

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

काल पोचलो. शेजारच्या सीटवरच्या बाईंचा हात मी सगळा वेळ धरून होतो. हे आईला सांगू नकोस.

आत्याने मला खिडकीपाशी उभं केलं आणि चेहरा दोन्ही हातांत धरून अगदी जवळून पाहिला. मग म्हणाली, की मी तुझ्या आजोबांसारखा दिसायला लागलोय, कान सोडून. नंतर झोपेपर्यंत दुकानाच्या चौकशा करत होती. उत्तरांकडे तिचं लक्ष नव्हतं. ती नुसती माझ्याकडे बघत होती.

आज सकाळी साडेसातला तिला आत नेलं. दारापर्यंत तिने चष्मा काढला नाही. मग काढून माझ्या हातात दिला.

बाबा