अकराव्या प्रकरणाचा चोर

३ मार्च
कादंबरी या महिन्यात संपवायचीच. राक्षस, जादूगार, उडती खाट, सगळं जमून आलंय. नवव्या प्रकरणातल्या राक्षसाच्या दाढदुखीला मी स्वतःच इतका हसलो की चहा कीबोर्डवर सांडला. चूक कपाची.

५ मार्च
नववं प्रकरण गायब! प्रिंट टेबलावरच होती. बायको म्हणाली, असेल इथेच कुठेतरी. निरपराध माणूस इतकं शांत उत्तर देत नाही.

६ मार्च
नवा संशयित : शेजारचे डेंटिस्ट. दाढदुखी आणखी कोणाच्या कामाची? लिफ्टमध्ये म्हणाले, काय, लेखन कसं चाललंय? मी तोंड घट्ट मिटून उभा राहिलो. त्यांनी विचारलं, दाढ दुखतेय का? म्हणजे वाचलंय!

८ मार्च
दहावंही गेलं. प्रकाशकांना फोन केला. माझी कल्पना कोणाला विकलीत, म्हटलं. ते म्हणाले, कोण बोलतंय? अभिनय बरा करतात.

११ मार्च, दुपार
सापळा लावला. अकरावं प्रकरण टेबलावर, मी पडद्यामागे खुर्चीत. जरा डोळा लागला. उठलो तर प्रकरण नाही, अंगावर शाल. चोर मायाळू आहे.

१२ मार्च
बायकोचा पाठलाग. सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती रोज माहेरी जाते. आज पर्समधून कागद डोकावत होते. माहेरच्या दाराला बाहेरून कान लावला. माझीच वाक्यं! मोठ्याने वाचत होती. हशाची वाट पाहिली.
घोरणं ऐकू आलं.
बायको बाहेर आली, मला बघून दचकली. हळूच म्हणाली, ओरडू नकोस, आत्ताच डोळा लागलाय. ऑपरेशनपासून आईला झोपच नव्हती रे. गोळ्यांनीही नाही. तुझी दोन पानं वाचली की गाढ झोपते. तुला कोणत्या तोंडाने सांगणार होते?

१३ मार्च
आजारी माणसाला विनोद कळत नाही, हे वैद्यकीय सत्य असणार. बायकोला विचारलं, तुला तरी हसू येतं ना? म्हणाली, मी पण तिथेच खुर्चीत झोपते.
डेंटिस्टशी उद्यापासून बोलायचं.

१५ मार्च
सासूबाईंचा फोन. आवाजात किती दिवसांनी तरतरी होती. म्हणाल्या, जावईबापू, त्या दिवशी दारापर्यंत येऊन तसेच गेलात म्हणे. उद्या तुम्हीच या ना वाचायला. तुमच्या आवाजात झोप आणखी लवकर लागेल.
जातोय. चष्मा पुसून ठेवला.