सहाव्या बोटाची हकीकत

तीर्थस्वरूप दाजींना,

शिरसाष्टांग नमस्कार. (कंबरेमुळे तो तूर्त कागदावरच स्वीकारावा. खरोखर वाकलो तर मला सरळ करायला सूनबाईला कामावरून बोलवावं लागेल.) ताईच्या गुडघ्याला आता उतार आहे का? तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं असं तिने फोनवर सांगितलं. पट्टी निघाल्याबरोबर तुम्ही समोरच्या औषधाच्या दुकानाच्या पाटीला नावं ठेवलीत, अक्षरं दाटीवाटीने बसवली आहेत म्हणालात, हेही सांगितलं. तेव्हा प्रकृती ठणठणीत आहे असं धरून चालतो.

माझं पत्र बघून तुम्ही चष्मा पुसून पुन्हा पाकिटावरचं नाव वाचलं असणार. साहजिक आहे. तुम्ही आपलं पाट्यांचं दुकान सोडल्यापासूनच्या एकतीस वर्षांत आपण एकमेकांशी जे काही बोललो ते सगळं ताईच्या तोंडून. मी विचारायचं, दाजी कसे आहेत, तिने फोन हातात धरून तुम्हाला विचारायचं, तुम्ही "बरा आहे म्हणावं" म्हणायचं, ते मला स्वच्छ ऐकू यायचं, आणि तरीही ती ते मला पुन्हा सांगायची. पण या खेपेची गोष्ट तिच्या तोंडून पोचवण्यासारखी नाही. ती मला तुम्हालाच सांगायची आहे, आणि ती सांगितली नाही तर हे पत्र पोस्टात टाकण्यात काही अर्थ नाही. तुम्ही मला ओळखता. अस्तराचे तीन हात दिल्याशिवाय मी मूळ रंगाचा डबा उघडत नाही. तेव्हा जरा धीराने वाचावं.

सूनबाईचं काम तुम्हाला माहीत असेल. ती मोठमोठ्या दालनांत दिवे लावते. (म्हणजे कुठला दिवा कशावर पाडायचा ते ठरवते. शिडीवर चढणारा माणूस वेगळा असतो. आपल्या काळी ठरवणारा तुम्ही, शिडी धरणारा मी, एवढ्यावर भागायचं.) तर मागच्या महिन्यात ती म्हणाली, बाबा, शुक्रवारी संध्याकाळी चला, जुन्या पाट्यांचं प्रदर्शन आहे, तुमच्याच धंद्यातलं. मी इस्त्रीचा शर्ट घातला. पूर्वी तिथे बर्फाचा कारखाना होता म्हणे, आता कला ठेवतात, पण थंडी तेवढीच आहे. दारात एका मुलाने माझ्या मनगटाला कागदी पट्टा बांधला, इस्पितळात भरती करतात तसा, आणि वर एक शिक्का मारला. आत अंधार, मधेच जांभळा उजेड, आणि गाण्याचे ठोके असे की छातीवरचा खिसा हलत होता. तरुण मंडळी लोणच्याच्या बरणीएवढ्या पेल्यांतून काहीतरी पीत उभी होती. उभीच. खुर्ची नावाची वस्तू तिथे फक्त एकच होती आणि तिच्याभोवती दोरी बांधलेली होती.

आधीच्या दालनांत काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. एका ठिकाणी काचेच्या नळ्या वाकवून उजेडाची अक्षरं केली होती. अक्षरं सुरेख, पण शेवटच्या दोनांमधलं अंतर चुकलेलं, ते मी सूनबाईला दाखवलं. दुसरीकडे सगळे लोक एका लोंबत्या कापडाकडे बघत होते आणि मी त्यामागच्या भिंतीकडे. दाजी, काय भिंत होती. चाळीस फूट पांढरी, एक ओरखडा नाही, रोलरची एक रेघ नाही. मी जरा बोटाने चाचपून बघितली तर रखवालदार धावत आला. मी त्याला विचारलं, रंग कोणी दिलाय. त्याला माहीत नव्हतं. कापडाखाली मात्र कापडवाल्याचं नाव होतं.

मग शेवटच्या दालनात शिरलो आणि मला एकदम दुकानात आल्यासारखं झालं. चाळीसेक पाट्या होत्या. शिंप्याची, घड्याळजीची, सायकलवाल्याची, न्हाव्याची, त्यावर तो अर्ध्या गालाला साबण लावलेला माणूस. सगळ्या हाताने रंगवलेल्या. टर्पेंटाईनचा वास येत नव्हता, पण मला आला. तुम्ही खडूची दोरी दोन्ही टोकांना ताणून आपटायचात आणि एका फटक्यात फळीवर सरळ रेघ उमटायची, तो आवाज आठवला. दुपारी ताई डबा घेऊन यायची आणि तुम्ही ब्रश तेलात बुडवून ठेवल्याशिवाय हात धुवायचा नाहीत म्हणून तिने डब्याचं झाकण आपटायचं, तोही आठवला. रेघ तुमची, भरणं माझं. अक्षराची कड तुम्ही मारायची, पोट मी भरायचं, सावली मी द्यायची. अकरा वर्षं आपण त्या आठ बाय दहाच्या जागेत काढली आणि एकमेकांच्या कोपराला कोपर लागला नाही. मला तिथे उभ्या उभ्या रडू आलं, आणि अंधार होता म्हणून मी ते थोपवलंही नाही.

आणि कोपऱ्यात आपली पाटी होती.

हाडांच्या डॉक्टरांची. पिवळी जमीन, निळी अक्षरं, "दवाखाना जिन्याने वर", आणि खाली जिन्याकडे दाखवणारा हात. त्या डॉक्टरांनी ती कधी बाहेर लावली नाही, सामानाच्या खोलीत तोंड भिंतीकडे करून ठेवली, म्हणून रंग जसाच्या तसा राहिलाय. डॉक्टर गेल्यावर भंगारात निघाली आणि तिथून इथवर आली. पुढे केलेलं एक बोट, वर अंगठा, आणि मुडपलेली तीन असायला हवीत तिथे चार. एकूण सहा. ती सकाळ तुम्ही विसरला नसणार. डॉक्टरांनी खाली रस्त्यावरच्या लोकांना हाका मारून बोटं मोजायला लावली होती, आणि म्हणाले होते की लोकांना वाटेल मी हाडं जोडत नाही, वाढवतो. सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. पुढच्या कामाला तुम्ही हात काढायला घेतलात आणि बोटं तीनदा मोजलीत, मग पुसलात, मग पुन्हा काढलात आणि पुन्हा मोजलीत. महिन्याभरात म्हणालात, आता हातावर भरवसा राहिला नाही, आणि शाळेच्या कार्यालयात दाखले लिहायला गेलात. मी दुकान दोन वर्षं रेटलं आणि मग छपाईच्या बॅनरांकडे वळलो. तिथे रेघ मारायला माणूस लागत नाही.

असो. पाटीखाली लिहिलं होतं, "कलाकार अज्ञात". आणि समोर दोन मुलं उभी राहून एकमेकांना सांगत होती की ही पाटी जुनी नाहीच, ही संगणकाने बनवली आहे, सहा बोटं बघ ना, संगणकाला बोटं मोजता येत नाहीत. दाजी, माझं टाळकंच सरकलं. मी म्हणालो, बाळांनो, संगणकाच्या आधी तीस वर्षं ही चूक आम्ही हाताने केली आहे. आणि पुढे, जीभ आवरली असती तर बरं झालं असतं, म्हणालो की ही पाटी मी रंगवली आहे.

झालं. प्रदर्शन भरवणाऱ्या बाई कुठूनतरी प्रकट झाल्या. (डोक्याची डावी बाजू सफाचट, उजवीकडे केस खांद्यापर्यंत. सूनबाई म्हणते हे मुद्दाम असतं.) त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सांगितलं की त्या सहाव्या बोटावर त्यांनी अकरा पानं लिहिली आहेत. त्यांचं म्हणणं असं, की ती चूक नव्हे, ती कारागिराची मुकी बंडखोरी आहे. हाडांच्या डॉक्टरच्याच दारावर जास्तीचं बोट काढून त्याने माणसाच्या शरीरावरचा डॉक्टरचा हक्क नाकारला. मी मान डोलावली. (तुम्ही असतात तर म्हणाला असतात, बाई, तो बोर्ड सकाळी दहाला द्यायचा होता.) त्यांनी विचारलं, तेव्हा तुमच्या मनात काय होतं. मी म्हणालो, बरंच काही होतं. त्या मला "उस्ताद" म्हणाल्या. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. आयुष्यभर पोटं भरणाऱ्या माणसाला कोणी उस्ताद म्हणत नाही.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी मोठा कार्यक्रम ठेवला. गाणी लावणारा डीजे, भिंतीवर हलती चित्रं, दोनशे माणसं, आणि मधोमध मी. सहा फुटी पांढरी फळी, निळ्या रंगाचा डबा, आणि वरून सूनबाईने पाडलेला झगझगीत उजेड. मी लोकांसमोर हात काढायचा होता. आठवडाभर मी घरी जुन्या वर्तमानपत्रांवर सराव केला, सूनबाईने पाहिला आणि विषय दिव्यांवर नेला, तेव्हाच मी समजायला हवं होतं. दाजी, मला कड मारता येत नाही हो. कधीच येत नव्हती. तुम्ही आखून दिलेल्या जागेच्या आत मी राजा, बाहेर कोणी नाही. ठोके सुरू झाले, ब्रश टेकवला आणि वीस मिनिटांनी फळीवर जे उमटलं ते पाण्यात फुगलेल्या रबरी हातमोज्यासारखं होतं. बोटं किती होती ते मी मोजलं नाही. मी खाली मान घालून उभा राहिलो की आता हाकलून देतील.

टाळ्या पडल्या. कडकडून. एका माणसाने तर ती फळी घरी न्यायला मिळेल का म्हणून विचारलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी. आणि तिथे, त्या उजेडात, मला तुमची आठवण इतकी आली की सहन होईना. तुम्ही काढलेल्या हाताकडे बघून शेजारच्या दुकानातला घड्याळजी स्वतःचा हात उलटासुलटा करून बघायचा, इतका तो खरा वाटायचा, आणि त्याला कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. मी माईक मागून घेतला आणि दोन वाक्यं बोललो. पहिलं असं, की पाटीवरचा हात माझा नाही, माझ्या दाजींचा आहे. दुसरं खाली लिहितो, धीर झाला तर.

तर बाईंचं बोलावणं आहे. येत्या नाही, त्यापुढच्या रविवारी दुपारी प्रदर्शनाचा शेवटचा दिवस. गाणी नाहीत, अंधार नाही. तुम्ही यावं, पाटीसमोर बसावं, जमलं तर एक हात काढावा. खुर्ची मिळेल, मी बोलून ठेवलंय. ताईलाही आणा. घरात सगळ्यांचा नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक म्हणवून घ्यायला लाजणारा,
मेहुणा

ता. क. सकाळची गाडी घ्या. स्टेशनवर मी येईन. इथे लिफ्ट आहे, ताईला जिना चढावा लागणार नाही. तुमचे ब्रश माळ्यावर टाकले असतील तर शोधू नका, मी नवे आणून तेलात घालून ठेवलेत.

ता. क. दुसरा. दाजी, ते बोट मी काढलं. त्या संध्याकाळी ताईला ताप होता, तुम्ही हाताची कड पूर्ण केलीत, मला भरायला सांगून घरी गेलात. मी रंगात टर्पेंटाईन जास्त ओतलं होतं. करंगळीखाली ओघळ उतरला. पुसला असता तर पिवळी जमीन खराब झाली असती आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. मग मी ओघळाच्या दोन्ही बाजूंनी रेघ ओढली आणि टोकाला नख काढलं. वाटलं, कोण मोजणार आहे. सकाळी डॉक्टरांनी मोजलं, तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, आणि मी म्हणालो, कड तुमची होती, मी फक्त भरलं. तुम्ही लगेच विश्वास ठेवलात. माझ्यावर ठेवलात आणि स्वतःच्या हातावरचा काढून घेतलात. मी ते रोज बघत होतो आणि गप्प होतो. पुढे जितका उशीर होत गेला तितकं सांगणं अवघड होत गेलं.

ता. क. तिसरा. माईकवरचं दुसरं वाक्य हेच होतं. तुमच्या आधी दोनशे परक्या माणसांना सांगून बसलो, याची माफी मागतो, त्यांना सांगणं सोपं गेलं. त्यांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कार्यक्रमातच आहे. एक मुलगी गळ्यात पडली आणि म्हणाली, किती धाडसी आहात. तिथल्या एकाही माणसाला माझा राग आला नाही, दाजी, आणि तेव्हापासून मला झोप नाही. रविवारी या. आधी पोटभर रागवा. मग पाटीजवळ जाऊन स्वतः मोजा. पाच बोटं तुमची आहेत, आणि ती पाचही बरोबर आहेत.