दुसऱ्या ब्रेकवर पाय

६ जानेवारी, सोमवार

अंगात सोनं घालून आलो! प्रोस्टेटमध्ये, जिथे कॅन्सर आहे तिथे, सोन्याचे बारीक दाणे बसवले. किरणांच्या मशीनला रोज नेम धरायला खूण लागते, म्हणून. सुई टोचताना जीव वर आला होता. घरी येऊन हिला सांगितलं, तर म्हणते, "इतकी वर्षं मी मागत होते, शेवटी स्वतःलाच करून घेतलंत."

मग स्वयंपाकघरात नळ सोडून बराच वेळ उभी होती. मी आत गेलो नाही.

१५ जानेवारी, बुधवार

आज मापं घेतली. आडवं करून स्कॅन, पायांखाली माझ्याच पायांच्या आकाराची उशी, आणि कंबरेवर तीन ठिपके – चक्क गोंदून! दादाला फोनवर सांगितलं. म्हणाला, उशिरा का होईना, फॅशन केलीस.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. गणिताचा मास्तर होता, आता निवृत्त. रोज तोच मला नेणार-आणणार. पुढे पुढे थकवा येतो, एकट्याने गाडी चालवत येऊ नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो, निम्म्या शहराला गाडी शिकवली, पण दादाला काही शिकवू शकलो नाही. लायसन्स आहे त्याच्याकडे. कुणी दिलं कोण जाणे.

एक अट घातली – गाडी माझ्या स्कूलची. तिला माझ्या बाजूलाही ब्रेक आहे.

२० जानेवारी, सोमवार

पहिला दिवस. नियम असा – आधी लघवीला जाऊन यायचं, मग बाटलीभर पाणी प्यायचं आणि धरून बसायचं. लघवीची पिशवी भरली की आतडं वर सरकतं, किरणांच्या वाटेतून बाजूला होतं. मी शहाणपणा केला. तिथे वेळ नको म्हणून घरूनच पिऊन निघालो. आणि गाडी दादाकडे!

वाटेतला एकही स्पीडब्रेकर त्याने सोडला नाही. मी दोन्ही पायांनी माझा ब्रेक दाबत होतो, तो ॲक्सिलरेटर दाबत होता. मागचे लोक शिकाऊची पाटी बघून मला शिव्या देत होते. आणि अर्ध्या वाटेत दादाने पेट्रोल पंपावर गाडी घातली, "आलोच" म्हणाला आणि लघवीला पळाला. पाणी प्यायलेलो मी, पळतोय हा!

खोलीत मात्र गंमत. भिंतीएवढं चाक माझ्याभोवती फिरलं, कुठेतरी टकटक झाली, आणि मशीनवाली ताई म्हणाली, झालं. काही दुखलं नाही, काही दिसलं नाही. सगळा वेळ जातो तो सरळ झोपवण्यात – केसभर इकडे, केसभर तिकडे. खरे किरण एखाद-दोन मिनिटं.

नंतर डॉक्टरीणबाईंनी समजावलं. साधे किरण आरपार जातात. मला देतात तो प्रोटॉन ठरल्या जागी ताकद टाकतो आणि तिथेच थांबतो. मी म्हटलं, बाई, हेच मी जन्मभर शिकवतोय, रेषेच्या अलीकडे थांबा! त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, हा चमत्कार नाही, साध्या किरणांनीही गुण येतो, त्रास यातही होतोच. स्पष्ट बोलणारी बाई. आवडली.

निघताना म्हणाल्या, सख्ख्या भावाला हा आजार असला की दुसऱ्यानेही रक्त तपासून घ्यावं, तुमच्या दादांना मीच सांगते. वळून बघतो तर दादा नाही. लघवीला गेलेला.

२१ जानेवारी, मंगळवार

पाणी तिथे जाऊन प्यायलो. माणसाने अनुभवातून शिकावं.

२३ जानेवारी, गुरुवार

मशीन एक, खोल्या तीन. बीम, म्हणजे किरणांचा झोत, पाळीपाळीने मिळतो. शेजारच्या खोलीत उशीर झाला की आम्ही सगळे बाकावर पाय आवळून. काल एकमेकांकडे न बघणारी माणसं आज एकमेकांच्या पिशवीची चौकशी करतात. आमच्यात एक जुने कंडक्टर आहेत, त्यांना सगळे थर्मास म्हणतात. भरून ठेवलं की सांडत नाही. कधीतरी तसं व्हायचंय.

दादाकडे रक्ताचा विषय काढला. म्हणाला, "मी मास्तर आहे. परीक्षा घेतो, देत नाही."

२८ जानेवारी, मंगळवार

आज माझी अब्रू गेली. टेबलावर झोपलो, चित्र काढलं, ताईने दार उघडून आत येत हळूच सांगितलं – काका, पोटात वारा आहे, सोनं जागेवरून सरकलंय, जरा फिरून या. मग कॉरिडॉरमध्ये फेऱ्या. दादा बरोबर, मास्तरकीच्या आवाजात – "हात हलव. गुडघे वर. लाजू नकोस." सगळा बाक बघत होता. थर्मासने टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते लिहीत नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

नात आली होती. तिने मला मिठी मारावी की नाही, असा तिच्या आईला प्रश्न पडला होता. मी ताईला विचारून ठेवलंच होतं – अंगात काही उरत नाही, खुशाल कडेवर घ्या. तरी नातीने पडदे ओढले, दिवा घालवला आणि मी चमकतो का ते बघितलं. चमकलो नाही. फार नाराज झाली.

५ फेब्रुवारी, बुधवार

दादामुळे माझा नंबर गेला. पिशवी गच्च, पुढची पाळी माझी, आणि ह्याने एका विद्यार्थ्याची गोष्ट काढली. उत्तर येत नव्हतं म्हणून त्याने पेपरात मास्तरांनाच प्रश्न टाकला होता – "तुम्हाला तरी येतं का?" मला हसू आवरेना. हसू आवरेना म्हणजे काहीच आवरेना! धावलो. परत पहिल्यापासून पाणी, परत रांगेच्या शेवटी. ताईने दादाला बाकावर बसायची बंदी केली.

वर सहज बोलून गेली. "पाणी तुम्ही पिता काका, पण जास्त वेळा लघवीला हे दादाच जातात." सगळे हसले. मीही हसलो.

गाडीत हसू आलं नाही. परतताना दादा दोनदा थांबला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वहिनीला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, दादाची झोप कशी आहे. ती हसत म्हणाली, कसली झोप, सारखे उठतात, तुम्हाला सोबत करतात म्हणे. कधीपासून? गेल्या उन्हाळ्यापासून. तेव्हा तर मला काही झालंच नव्हतं!

मला भीती वाटतेय. माझ्या आजाराची वाटली नव्हती एवढी. बाबा गेल्यापासून माझ्या पुढे तोच उभा आहे. त्याला काही झालं तर काय, हा विचार मी कधी केलाच नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरीणबाईंना सांगितलं. म्हणाल्या, या वयात ती ग्रंथी नुसती वाढली तरी असं होतं, लगेच कॅन्सर समजू नका. पण तपासा. वाट बघू नका.

परतताना सिग्नलला दादाला सांगितलं. तो आरशात बघून विंचरत बसला. सिग्नल हिरवा होऊन लाल झाला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कंबरेला दोन्ही बाजूंनी लाल चट्टे. लघवीला जळजळ. दुपारी खुर्चीत बसलो तो संध्याकाळी उठलो. सगळं आधी सांगितलं होतं तसंच, वेळेवर. औषध दिलंय. ही म्हणते, चिडचिड मात्र त्यांनी सांगितली नव्हती, ती तुमची घरची.

दादाशी भांडलो. तो नाही म्हणजे नाहीच म्हणतो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज डोकं चाललं. दादाच्या मनात एकच सल आहे – मी त्याला कधी ड्रायव्हर मानलं नाही. म्हटलं, चल, सौदा करू. तू रक्त दे, मी माझ्या स्कूलच्या कागदावर शिक्क्यासकट लिहून देतो की तू उत्तम गाडी चालवतोस.

त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "उत्तम नको. अत्युत्तम लिही."

लिहिलं. आयुष्यात एवढं खोटं मी लिहिलं नव्हतं. दादाने दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि बाही वर केली. सुई बघून डोळे घट्ट मिटले. माझा हात धरला होता त्याने.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दादाच्या रक्ताचा आकडा वाढलेला आहे. बाई म्हणाल्या, एवढ्यावरून काही ठरत नाही, पुढच्या तपासण्या करू. दादा म्हणाला, बघ, घरात माझेच मार्क जास्त.

येताना स्पीडब्रेकरला त्याने गाडी हळू केली. पहिल्यांदाच. मला अजिबात आवडलं नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

माझं संपलं! शेवटच्या दिवशी बाकावरचे सगळे आपापल्या पाण्याच्या बाटल्या वर करतात आणि निघणाऱ्याच्या नावाने एक घोट पितात. ही आमची पद्धत, थर्मासने पाडलेली. ताईसुद्धा बाहेर आली होती. गुण आला की नाही ते लगेच कळत नाही, रक्त तपासत राहायचं, महिनोन्‌महिने. तरी वाटलं सुटलो. टेबलावरची माझ्या पायांची उशी त्यांनी मलाच दिली. तिचं काय करायचं?

दादाला बाकावर बसायची बंदी म्हणून तो दाराशी उभा होता. त्यानेही बाटली वर केली, पण प्यायला नाही.

७ मार्च, शुक्रवार

दादाच्या प्रोस्टेटचा तुकडा काढून तपासायला पाठवला. घरी सोडताना वहिनीला म्हणाला, काही नाही, डास चावल्यासारखं. गाडीत बसताना मात्र माझ्या खांद्यावर सगळा भार टाकला होता.

१७ मार्च, सोमवार

आहे. दादालाही आहे. पण ग्रंथीच्या आतच आहे, बाहेर गेलेला नाही, वेळेवर सापडला. बाईंनी त्याच्यासाठीही प्रोटॉनच सांगितला.

वहिनी रडली. दादा तिला बीमची पाळी कशी लागते ते समजावत होता. मी बाहेर येऊन गाडीशी उभा राहिलो आणि खूप रडलो. कुणी बघितलं नाही. ही सोडून.

७ एप्रिल, सोमवार

दादाचा पहिला दिवस. आज चालवायला मी. त्याने माझं काहीएक न ऐकता घरूनच पाणी पिऊन घेतलं.

प्रत्येक स्पीडब्रेकर मी अलगद काढला. तरी तो पूर्ण रस्ता दुसऱ्या ब्रेकवर दोन्ही पाय रोवून बसला होता. गाडी कशीबशी रांगत होती, मागचे हॉर्न वाजवत होते. मी त्याला पाय काढ म्हटलं नाही.