वरच्या सहा ओळी

३ मार्च, सोमवार

आला मेल! परदेशातल्या त्या लायब्ररीवालीचा. 'आमची लायब्ररी तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसते. कुठल्या लायसन्सवर वापरता? सात दिवसांत कळवा.'

लायसन्स दोन. एक फुकट — पण मग ज्याला सॉफ्टवेअर द्याल, त्याला तुमचा सगळा कोडही द्यायचा. दुसरं विकतचं — खुशाल झाकून ठेवा. आम्ही फुकटचं घेतलं आणि कोडही झाकला! आम्ही कसले, मीच. फाइलच्या वर त्यांच्या सहा ओळी होत्या, लिहिणाऱ्यांची नावं न् अटी. न वाचताच उडवल्या. गिऱ्हाईक कारखान्याला द्यायच्या कागदावर 'सर्व कोड आमचाच' असं लिहावं लागतं ना! खाली सही माझी.

आणि लायब्ररी तरी कुठली, तर हीच! पालघरला कॉलेजात असताना हिच्यातली दशांशाची चूक मी दुरुस्त करून पाठवली होती. 'थँक्यू' एवढंच आलं होतं.

४ मार्च

आईने चेहऱ्यावरून ओळखलंच. "लायब्ररी म्हणजे पुस्तकांची?" नाही गं, दुसऱ्याने लिहून ठेवलेला तयार कोड. "मग विचारून घ्यायचं ना! कढीपत्ता तोडतानाही शेजारणीला विचारतो आपण."

जेवण गेलंच नाही.

६ मार्च

शेवटी शेजारच्या टेबलावरच्या नीलेशला सांगितलं. बेटेगावचा, कशालाच घाबरत नाही. "उडव गं तो मेल. तिला बोईसर कुठं हाय ते तरी म्हाईत हाय का?" हसले. पण मेल उडवला नाही.

दुपारी तारापूरच्या कारखान्यात गेले. गॅस वाढला की आमची स्क्रीन लाल होते. ऑपरेटर रामा म्हणाला, "बाई, तुमचं हे हाय म्हणून आमी बिनघोर." हेच बंद करा म्हणाली ती, तर? बापरे.

७ मार्च

मालकांना, मनीषसरांना, सांगायला गेले. केबिनच्या दारातून परत आले. भित्री भागूबाई!

१० मार्च

सांगितलं. सर ओरडले नाहीत — तेच जास्त भयंकर. "कोड उघडा केला तर समोरच्या गाळ्यातला उद्या हेच विकेल." मग हळूच, "सही तुझीच आहे ना, प्रतीक्षा?" म्हणजे बुडायचं तर मी एकटीने!

जागेवर आले नि लिहून टाकलं तिला: ओळी मी पुसल्या. कोड आम्ही झाकला. सरांना माहीत नव्हतं. खाली पूर्ण नाव घातलं. पाठवलं.

१२ मार्च

उत्तर आलं. त्या सहा ओळींत पाचवी माझ्या नावाची होती! माझी दुरुस्ती अजून आत आहे. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्या सगळ्यांची परवानगी असेल, तरच तिला विकतचं लायसन्स विकता येतं. माझी तिने कधी घेतलीच नाही. सात वर्षं विकतेय.

'खूप घाबरलेय,' लिहिलंय तिने. 'आता विचारलं तर चालेल?'