बाबांचा वेग

ताईस,

तू दोन दिवसांसाठी आलीस, गेलीस आणि पाठोपाठ वेगमर्यादा मोडल्याचे चलान आले. फोटोत तुला स्टेशनवर सोडायला निघालेले बाबा आहेत, शेजारी तू, आणि दोघेही खळखळून हसत आहात. वेग ब्याण्णव! मला रोज कॉलेजला सोडताना ते चाळिशी ओलांडत नाहीत. सायकलवालेसुद्धा आम्हाला मागे टाकतात.

"भरून टाकू गं," बाबा म्हणाले. "चूक माझीच. पण मजा आली!"

मी मात्र त्यांना कोर्टात जायला लावणार आहे. हा मनुष्य एवढ्या वेगाने जाऊच शकत नाही, अशी साक्ष मी देईन. न्यायाधीशांनी एकदा म्हणावे, की असे काही घडलेच नाही.

हे पत्र पाठवणार नाही. तू ते बाबांना फोनवर वाचून दाखवशील, आणि दोघे पुन्हा हसाल.

तुझी,
धाकटी